बाळंतिणीच्या मनाची विचारपूस : मागणीपत्रकात राहून गेलेले कलम

(रेल्वे व टपाल खात्यातील महिला कर्मचाऱ्यांच्या अभ्यास शिबिरात एका कार्यकर्तीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेवर माझा विषय वाचून काही जणांनी विचारले की हा विषय डॉक्टरांचा, युनियनचा त्याच्याशी काय संबंध? प्रश्न रास्त आहे. म्हणून त्याच्या उत्तरापासूनच सुरुवात करते.

कामगार स्त्रीचे बाळंतपण हा आपल्या चळवळीचा फार जुना विषय आहे. १९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नारायण मल्हार जोशी तिथे गेले होते. त्याच अधिवेशनात स्त्री कामगारांच्या प्रसूती-संरक्षणाचा करार संमत झाला. पुढे १९२४ साली ना. म. जोशींनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती-लाभाचे विधेयक मांडले. ते फेटाळले गेले. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात असे विधेयक आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केले आणि १९२९ साली मुंबई प्रांताचा प्रसूती-लाभ कायदा झाला. १९६१ साली सबंध देशाचा कायदा आला. २०१७ च्या दुरुस्तीने त्यातली रजा २६ आठवड्यांची झाली. केंद्र सरकारच्या कर्मचारी भगिनींना सहाव्या वेतन आयोगानंतर, म्हणजे २००८ पासून, १८० दिवसांची प्रसूती रजा आणि दोन वर्षांची बालसंगोपन रजा मिळू लागली.

हे कोणी आपणहून दिलेले नाही. पिढ्यान्‌पिढ्या मागितले तेव्हा मिळाले. पण एक गोष्ट लक्षात घ्या. आजवर जे मागितले ते बाईच्या शरीरासाठी आणि बाळाच्या दुधासाठी मागितले. बाळंतिणीच्या मनालाही दुखणे होते, त्यालाही औषधोपचार लागतो, तो मिळणे हा तिचा हक्क आहे, हे कलम मागणीपत्रकात राहून गेले. आज त्याबद्दल बोलायचे आहे.

दुखणे काय आहे?

प्रथम दुखणे समजून घेऊ. कारण आपल्याकडे सगळ्याला एकच शब्द लावतात, "बाळंतिणीला असे होतेच." काही अंशी ते खरेही आहे. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून पुष्कळ बायकांना उगीच रडू येते, चिडचिड होते, झोप लागत नाही. हे साधारण दोन आठवड्यांत आपोआप निवळते. त्यासाठी विश्रांती, धीर आणि घरच्यांची मदत पुरते. डॉक्टर लागत नाही.

दुसरा प्रकार नैराश्याचा. हे दोन आठवड्यांत जात नाही, महिनोन्‌महिने राहते. कशातच मन लागत नाही. बाळ झोपले तरी आईला झोप येत नाही. अन्न गोड लागत नाही. "मी वाईट आई आहे, माझ्याच्याने हे होणार नाही," असे मनात घर करून बसते. काहींना सतत धास्ती वाटते, छातीत धडधडते, बाळाला काही होईल म्हणून हात थरथरतात. आपल्या बायका "मला नैराश्य आले आहे" असे क्वचित म्हणतात. त्या म्हणतात, अंगात त्राण नाही, डोके जड झाले आहे, कंबर धरली आहे. दवाखान्यात त्यांना लोहाच्या गोळ्या आणि टॉनिक देऊन परत पाठवतात. यातल्या बऱ्याच जणींचे दुखणे बाळ होण्याच्या आधीच, गरोदरपणात सुरू झालेले असते. ही गोष्ट महत्त्वाची आहे, तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

तिसरा प्रकार क्वचित आढळणारा, पण सर्वांत धोक्याचा. हजार बाळंतपणांत एक किंवा दोन बायकांना होतो. बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत बाई असंबद्ध बोलू लागते, नसलेले आवाज ऐकते, बाळाविषयी भलभलत्या शंका घेते, रात्र-रात्र जागी राहते. आपल्याकडे म्हणतात, वारे लागले, बाहेरचे झाले. मग अंगारा, उतारा, देवऋषी यांत मोलाचे दिवस जातात. ही तातडीची स्थिती आहे. रक्तस्राव सुरू झाला तर आपण जशी गाडी शोधतो, तशीच इथेही शोधून त्याच दिवशी इस्पितळ गाठले पाहिजे. वेळेवर उपचार झाले तर या बायका पूर्ण बऱ्या होऊन घर आणि नोकरी सांभाळतात.

किती जणींना होते?

जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार जगभरातल्या गर्भवतींपैकी सुमारे १० टक्के आणि नुकत्याच बाळंत झालेल्यांपैकी सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक आजार, मुख्यतः नैराश्य, होते. विकसनशील देशांत हे प्रमाण जास्त आहे: गरोदरपणात १५.६ टक्के आणि बाळंतपणानंतर १९.८ टक्के. भारतात निरनिराळ्या ठिकाणी झालेल्या ३८ पाहण्यांचा एकत्रित हिशेब २०१७ साली संघटनेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाला. वीस हजारांहून अधिक मातांच्या त्या हिशेबात २२ टक्के जणींना बाळंतपणानंतरचे नैराश्य आढळले.

आपल्या एखाद्या डिव्हिजनमध्ये वर्षाला पन्नास भगिनी प्रसूती रजेवर जात असतील, तर या हिशेबाने त्यांतल्या अकरा जणींना हे दुखणे होत असणार. त्यांतल्या किती जणींची नोंद कुठे झाली, किती जणींवर उपचार झाले, हे आपापल्या शाखेत जाऊन विचारून पाहा.

गरीब देशांत प्रमाण जास्त का? गरीब देशातल्या बायकांचे मन कमकुवत असते म्हणून नव्हे. गोव्यात म्हापशाच्या इस्पितळात आलेल्या २७० मातांचा एक अभ्यास डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केला. त्यात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांना नैराश्य आढळले. कारणे शोधली तेव्हा पुढे आले ते घरातले दारिद्र्य, नवऱ्याशी बिघडलेले संबंध, आणि मुलगी झाल्याबद्दलची नाराजी. नैराश्य आढळलेल्या मातांपैकी ७८ टक्के जणींचे मन गरोदरपणातच आजारी होते, आणि निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनंतरही बऱ्या झालेल्या नव्हत्या.

म्हणजे हा आजार पगाराशी, घरातल्या वागणुकीशी आणि मुलगा-मुलगी या भेदाशी बांधलेला आहे. म्हणूनच तो कामगार चळवळीचा विषय आहे.

जिवाशी येते तेव्हा

याचा शेवट कधीकधी मृत्यूत होतो, आणि तो मोजलाही जात नाही. बाई रक्तस्रावाने गेली तर तो मातामृत्यू. तिने विहिरीत उडी घेतली तर तो पोलीस ठाण्यातला आकस्मिक मृत्यू. २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेने मातामृत्यूंच्या वर्गीकरणाचे नवे मार्गदर्शन दिले आणि गरोदरपणातल्या व बाळंतपणानंतरच्या आत्महत्या थेट मातामृत्यूंत मोजाव्यात असे सांगितले. ब्रिटनमध्ये प्रत्येक मातामृत्यूची गोपनीय चौकशी होते. तिथल्या अहवालांत, बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपासून वर्षापर्यंतच्या काळात होणाऱ्या थेट मातामृत्यूंचे आघाडीचे कारण आत्महत्या हे आहे. आपल्याकडे केरळात मातामृत्यूंची छाननी बारकाईने होते. रक्तस्राव आणि रक्तदाबाने होणारे मृत्यू कमी होत गेले, तशा तिथेही आत्महत्या नजरेत भरू लागल्या. जे मोजले जाते तेच दिसते, हा अनुभव आपल्याला कामावरच्या अपघातांच्या नोंदीवरून आहेच.

उपचार आहेत, पोचत कुठे नाहीत?

या आजारावर उपचार आहेत. सौम्य आणि मध्यम नैराश्यात नियमित बोलणे-भेटणे, म्हणजे ज्याला समुपदेशन म्हणतात ते, चांगले लागू पडते. आजार जास्त असेल तर औषधे आहेत, आणि त्यांतली काही डॉक्टरांच्या सल्ल्याने गरोदरपणात आणि अंगावर पाजत असतानाही घेता येतात. आधीपासून चालू असलेली औषधे मात्र गर्भ राहिला म्हणून आपल्या मनाने एकदम बंद करू नयेत. डॉक्टरांना विचारावे.

ओळखणेही अवघड नाही. १९८७ साली स्कॉटलंडमधल्या एडिंबरो शहराच्या नावाने एक प्रश्नावली तयार झाली. फक्त दहा प्रश्न. गेल्या सात दिवसांत तुम्हाला हसू येते का, उगीच स्वतःला दोष देता का, झोप लागत नाही इतके वाईट वाटते का, अशा धर्तीचे. शेवटचा प्रश्न स्वतःच्या जिवाला काही करावेसे वाटते का, याबद्दल. पाच-दहा मिनिटांत होतो हा कागद. निरनिराळ्या देशांत त्याची भाषांतरे झाली, आपल्याकडे गोव्यात कोकणीतही झाले.

मग अडते कुठे? दोन ठिकाणी. कोणी विचारत नाही, आणि विचारले तरी पुढे पाठवायला माणूस नाही.

जगाचा हिशेब पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या पाहणीप्रमाणे श्रीमंत देशांत दर लाख लोकसंख्येमागे मानसिक आरोग्याचे काम करणारे साठाहून अधिक लोक आहेत. गरीब देशांत दोनसुद्धा नाहीत. इंग्लंडमध्ये एप्रिल २०१९ पासून देशाच्या प्रत्येक भागात गर्भवती आणि बाळंतिणींसाठी खास मानसोपचार पथके आहेत. आईला भरती करावे लागले तर बाळ तिच्याजवळ राहील असे स्वतंत्र कक्षही तिथे आहेत. फ्रान्समध्ये जुलै २०२२ पासून बाळंतपणानंतर चौथ्या ते आठव्या आठवड्यात प्रत्येक आईशी सुईणीने किंवा डॉक्टरने सविस्तर बोलणे सक्तीचे केले आहे. आपल्याकडे बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत आई-बाळाचा एकत्र कक्ष २००९ साली सुरू झाला. असे कक्ष अजूनही देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत.

पैसा असला म्हणजे सगळे पोचते असेही नाही. अमेरिकेत ऑगस्ट २०२३ मध्ये खास बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी पहिली गोळी मंजूर झाली. चौदा दिवसांचा कोर्स. कंपनीने किंमत जाहीर केली १५,९०० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने आपल्या तेरा लाख रुपयांच्या आसपास. ज्याच्या हाती विमा त्याच्या हाती गोळी.

आता आपल्या देशाकडे वळू. २००५-०६ साली भारतात दवाखान्यात होणाऱ्या बाळंतपणांचे प्रमाण ३८.७ टक्के होते. २०१९-२१ च्या पाहणीत ते ८८.६ टक्के झाले. ही मोठी गोष्ट आहे. म्हणजे बहुतेक बायका आज दवाखान्याच्या दारात येतात. तिथे वजन पाहतात, रक्तदाब पाहतात, रक्त तपासतात, धनुर्वाताची सुई देतात. त्याच टेबलावर "मन कसे आहे?" हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. बाई दारात आलेली आहे, विचारायचे तेवढे राहिले आहे.

रावळपिंडीचा धडा

माणूस नाही, हे कारण सरकार नेहमी देते. देशात लाख लोकांमागे एकसुद्धा मानसोपचारतज्ज्ञ नाही, हे खरे आहे. पण त्यावरचा उपाय आपल्या शेजारच्या देशात करून पाहिला गेला आहे, तो नीट ऐका.

पाकिस्तानात १९९४ पासून लेडी हेल्थ वर्कर्सची योजना आहे. गावातल्याच शाळा शिकलेल्या बायका घरोघर जाऊन गर्भवतींची आणि मुलांची काळजी घेतात. डॉ. आतिफ रहमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रावळपिंडी जिल्ह्याच्या ग्रामीण भागात चाळीस युनियन कौन्सिलांत एक प्रयोग केला. नैराश्य असलेल्या ९०३ गर्भवती निवडल्या. निम्म्या भागातल्या हेल्थ वर्कर्सना दोन दिवसांचे शिक्षण दिले, पुढे एका दिवसाची उजळणी, आणि दर महिन्याला अर्धा दिवस मार्गदर्शन. उरलेल्या भागातल्या वर्कर्सनी तितक्याच भेटी दिल्या, पण या शिक्षणाशिवाय.

भेटी एकूण सोळा. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात दर आठवड्याला एक, बाळंतपणानंतरच्या पहिल्या महिन्यात तीन, मग दर महिन्याला एक. या भेटींत त्या काय करत? "तू मनाने आजारी आहेस" असे तोंडावर म्हणत नसत. तसे म्हटले असते तर सासूने दार लावले असते. त्या बाळापासून सुरुवात करत. बाळ चांगले वाढावे यासाठी आईने काय खावे, कधी झोपावे, बाळाशी कसे खेळावे, घरातल्या कोणी काय मदत करावी. सासू, नवरा यांनाही त्यात सामील करून घेत. आणि बोलता बोलता आईच्या मनातले "माझ्याने होणार नाही" हे वाक्य तपासून पाहायला शिकवत.

२००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनी, शिक्षण घेतलेल्या वर्कर्सच्या भागात २३ टक्के माता नैराश्यात होत्या, दुसऱ्या भागात ५३ टक्के. वर्षाने २७ टक्के आणि ५९ टक्के. मुलांना जुलाब कमी झाले, लसी जास्त पूर्ण झाल्या. बाळांच्या वजन-उंचीत मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाही, तेही सांगितले पाहिजे. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत पुस्तिकेच्या रूपाने सगळ्या जगासाठी खुली केली.

मग तीच पद्धत गोव्यात आली. तिथे हे काम आरोग्यसेविकांवर सोपवले नाही. वस्तीतल्या, स्वतः आई असलेल्या सामान्य बायकांना शिकवून तयार केले आणि त्यांना नाव दिले "सखी". नैराश्य असलेल्या २८० गर्भवती या पाहणीत होत्या आणि २०१९ साली तिचे निष्कर्ष आले. सखी भेटलेल्या गटात सहा महिन्यांनी नैराश्यातून बाहेर आलेल्यांचे प्रमाण जास्त आढळले. फरक रावळपिंडीइतका मोठा नव्हता. तरीही वस्तीतली बाई नीट शिकवली तर हे काम करू शकते, हे पुन्हा दिसले.

दक्षिण आफ्रिकेत केप टाउनच्या मोब्रे प्रसूतिगृहात २००२ पासून आणखी एक पद्धत चालू झाली. गर्भवती तपासणीला येते त्याच वेळी, त्याच इमारतीत मनाची तपासणी, आणि गरज असेल तर समुपदेशकही तिथेच. बाईला दुसरी खेप नाही, दुसऱ्या दिवसाचा रोज बुडत नाही, आणि "वेड्यांच्या दवाखान्यात गेली" असे म्हणायला कोणाला जागा नाही.

काम करणारीचा पगार

इथे युनियनचा माणूस एक प्रश्न विचारल्याशिवाय राहणार नाही. हे काम करणार कोण, आणि त्याचे दाम काय?

पाकिस्तानातल्या त्या लेडी हेल्थ वर्कर्स स्वतःच वर्षानुवर्षे तुटपुंज्या मानधनावर राबल्या. त्यांनी संघटना बांधली, रस्त्यावर उतरल्या, लाठ्या खाल्ल्या, सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या, तेव्हा कुठे २०१२ च्या सुमारास त्यांना नियमित करण्याचे सरकारने मान्य केले. आपल्याकडे २००५ पासून आशा भगिनी आहेत. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. सन्मान झाला, पण सरकारी कर्मचारी हा दर्जा नाही. महाराष्ट्रातल्या आशांना २०२१ साली आणि पुन्हा २०२३ च्या अखेरीपासून मानधनासाठी संपावर जावे लागले.

म्हणून आपली भूमिका स्पष्ट असली पाहिजे. गर्भवतीच्या मनाची विचारपूस आशांनी जरूर करावी. पण त्यासाठी शिक्षण, वेळ, वरून मार्गदर्शन आणि वेगळा मोबदला हवा. आणखी एक रजिस्टर हाती देऊन हे काम होणार नाही. दुसऱ्याचे दुःख ऐकणे हे कष्टाचे काम आहे. ते फुकट करून घेणे म्हणजे एका बाईचे मन सावरताना दुसरीचे मोडणे.

आपल्या हाती आज काय आहे?

कायद्याने काही गोष्टी दिल्या आहेत, त्या प्रत्येक शाखेच्या कार्यकर्त्याला पाठ हव्यात.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली झाला आणि मे २०१८ मध्ये अमलात आला. त्याच्या कलम १८ प्रमाणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवांतून मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. कलम २१ म्हणते की उपचारासाठी भरती झालेल्या स्त्रीचे तीन वर्षांखालचे मूल सामान्यतः तिच्यापासून तोडू नये. त्याच कलमात विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठी शारीरिक आजारासारखीच तरतूद करणे बंधनकारक केले आहे.

दुसरी गोष्ट २ सप्टेंबर २०२२ च्या आदेशाची. बाळ मृत जन्मले किंवा जन्मल्यानंतर २८ दिवसांच्या आत गेले, तर केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्याला ६० दिवसांची विशेष प्रसूती रजा मिळते. हयात मुले दोनाहून कमी असावीत आणि बाळंतपण मान्यताप्राप्त रुग्णालयात झालेले असावे, अशा तिच्या अटी आहेत. बाळ जाण्याच्या मानसिक आघाताचा आईच्या आयुष्यावर दूरवर परिणाम होतो, हे कारण सरकारने त्या आदेशात स्वतःच नमूद केले आहे. सरकारने आईच्या मनाची जखम कागदावर मान्य केली, आणि त्यासाठी रजा दिली. आपण एवढेच म्हणायचे की आता त्या जखमेवर उपचारही द्या. आणि बाळ जिवंत आहे पण आई नैराश्यात बुडाली आहे, अशा भगिनीलाही तोच न्याय लावा.

तिसरी गोष्ट, टेलिमानस ही सरकारी दूरध्वनी सेवा. १० ऑक्टोबर २०२२ पासून ती सुरू आहे. क्रमांक १४४१६, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येते. इटारसीच्या किंवा खरगपूरच्या क्वार्टरमध्ये, जिथे आजूबाजूला आपली भाषा बोलणारे कोणी नाही, तिथल्या मराठी भगिनीला याचा उपयोग आहे. प्रत्येक युनियन ऑफिसच्या आणि लेडीज रेस्ट रूमच्या भिंतीवर हा क्रमांक लागला पाहिजे.

आपल्या खात्यांची स्थिती

आपल्या नोकरीत या दुखण्याला खतपाणी घालणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. माहेर सातशे मैलांवर, नवरा रनिंग स्टाफमध्ये, तीन-तीन रात्री बाहेर. बाळंतिणीच्या हाताशी सव्वा महिना तरी कोणी असावे ही आपली जुनी रीत. बदलीच्या गावी ती पाळणार कोण? रजा संपली की बुकिंग खिडकीवर किंवा सॉर्टिंगला रात्रपाळी. दूध दाटले तरी उठायला सवड नाही. गँगमधल्या ट्रॅकवुमनला तर आडोसासुद्धा मिळत नाही. पोस्टवुमनला बीट पूर्ण केल्याशिवाय परतता येत नाही. ग्रामीण डाक सेवक भगिनींचे हाल आणखी वेगळे, कारण नियमित कर्मचाऱ्याला मिळणारे वैद्यकीय संरक्षणच त्यांना नाही. ठेकेदाराकडच्या सफाई कामगार भगिनींबद्दल तर बोलायलाच नको.

आणि एक भीती आहे, जी कोणी उघड बोलत नाही. "मानसोपचाराचा कागद सर्व्हिस रेकॉर्डला लागला तर? मेडिकल कॅटेगरी उतरवली तर?" या भीतीने भगिनी सिक मेमोवर पाठदुखी लिहून घेतात. वास्तविक कामावर असताना अपंगत्व आले तरी त्या कारणाने कर्मचाऱ्याला काढू नये, पद घटवू नये, असे २०१६ च्या अपंग हक्क कायद्याचे कलम २० सांगते. मग काही महिन्यांत बऱ्या होणाऱ्या आजाराची एवढी धास्ती का असावी? ती घालवणे हे युनियनचे काम आहे.

काय मागायचे?

या शिबिराने पुढील मागण्यांचा ठराव फेडरेशनकडे पाठवावा, अशी माझी सूचना आहे.

१. रेल्वेच्या सर्व रुग्णालयांत, आरोग्य केंद्रांत आणि टपाल कर्मचारी जिथे उपचार घेतात त्या केंद्र सरकारी दवाखान्यांत, गरोदरपणाच्या आणि बाळंतपणानंतरच्या तपासणीत मनाची विचारपूस ठरलेल्या प्रश्नावलीने व्हावी. कर्मचाऱ्यांच्या पत्नींनाही ती लागू असावी. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने बाळंतपणानंतर अशी तपासणी करण्याची शिफारस केलेली आहे.

२. विचारून सोडून देऊ नये. प्रत्येक डिव्हिजनच्या रुग्णालयात समुपदेशक असावा, मानसोपचारतज्ज्ञाचा ठरलेला दिवस असावा, आणि बाहेर उपचार घ्यावे लागले तर पूर्ण प्रतिपूर्ती मिळावी.

३. बाळंतपणानंतरच्या मानसिक आजारासाठी, डॉक्टरी दाखल्यावर, रजेच्या खात्यातून वजा न होणारी विशेष रजा मिळावी. २०२२ च्या आदेशाचा आधार यासाठी पुरेसा आहे.

४. कामावर परतल्यावर पहिले वर्ष रात्रपाळी नसावी, बाळाला पाजण्यासाठी सुट्टी आणि पाळणाघर मिळावे, पती-पत्नीच्या एकाच ठिकाणच्या बदलीचे अर्ज अशा वेळी आधी निकालात काढावेत.

५. उपचाराचे कागद गोपनीय राहावेत. त्यांचा बढतीशी किंवा कॅटेगरीशी संबंध जोडू नये.

६. ग्रामीण डाक सेवक, ठेका आणि हंगामी कामगार भगिनी यांना वरील सर्व लागू असावे.

मागण्या मंजूर होतील तेव्हा होतील. तोपर्यंत शाखेने करायची कामे आहेत. रजेवर असलेल्या प्रत्येक भगिनीच्या घरी शाखेतल्या दोघी जणींनी एकदा तरी जावे. बारशाला आपण जातोच, पण बारशाच्या गर्दीत आईला कोणी विचारत नाही. महिन्या-दीड महिन्याने पुन्हा जावे, बाळाच्या आधी आईची चौकशी करावी. झोप लागते का, जेवण जाते का, कोणाशी बोलावेसे वाटते का, एवढे विचारले तरी पुरे. उपदेश करू नये. "बाकीच्या बायका नाही का सांभाळत?" हे वाक्य तर तोंडून काढूच नये. जिवाचे काही बरेवाईट करावे असे ती बोलली, तर तिला एकटी सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आणि इथे बसलेल्या बंधूंनो, तुमच्याशीही दोन शब्द. तुम्हाला पंधरा दिवसांची पितृत्व रजा आहे. बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत ती घेता येते. ती शेतीच्या कामाला किंवा गावच्या जत्रेला वापरू नका. रात्री बाळ उचलून घ्या आणि बायकोला सलग चार तास झोपू द्या. मुलगी झाली तर पेढे त्याच हाताने वाटा, आणि आईवडिलांचे तोंड वाकडे झाले तर बायकोच्या बाजूने उभे राहा. गोव्याच्या पाहणीत जी कारणे निघाली त्यांतली दोन तर तुमच्याच हातात आहेत.

भगिनींनो, ना. म. जोशींचे विधेयक फेटाळले गेले तेव्हा लोक म्हणाले होते की हे परवडणार नाही. काही वर्षांतच मुंबईचा कायदा झाला. आज आपल्यालाही तसेच उत्तर मिळेल. तेव्हा रावळपिंडीचे आकडे त्यांच्यासमोर ठेवा. दोन दिवसांचे शिक्षण, महिन्याचा अर्धा दिवस, आणि घरी जाऊन विचारणारी एक बाई, एवढ्यावर नैराश्यात राहणाऱ्या मातांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. हे ज्या सरकारला परवडत नाही, त्याला परवडते तरी काय, असे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

हा ठराव तुम्ही एकमताने संमत कराल आणि आपापल्या शाखेत जाऊन पहिली भेट याच महिन्यात द्याल, अशी आशा व्यक्त करून मी माझे भाषण संपवते.

कामगार एकजुटीचा विजय असो!